जमावाला डोके असते

‘जमावाला डोके नसते’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यामागे सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक सिद्धान्त उभा आहे, याचा विसर पडतो. पॅरिस कम्यूनचा (१८७१ मधील पॅरिसच्या जनतेचा) उठाव पाहिलेल्या गुस्ताव ल बों या फ्रेंच विचारवंताने १८९५ मध्ये असे मांडले, की गर्दीत शिरलेला माणूस निनावी होतो, विवेक गमावतो आणि आदिम प्रवृत्तींच्या आहारी जातो. सत्ताधाऱ्यांना हे मत फार सोयीचे होते. गर्दी वेडीच ठरली, म्हणजे ती कशासाठी जमली हे विचारण्याची गरज उरत नाही.

पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चेहरा झाकलेल्या विद्यार्थिनींनी समोरच्या व्यक्तीला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके अधिक वेळ दिले आणि ल बों यांचेच म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. मात्र १९७९ मध्ये जॉन्सन आणि डाउनिंग यांनी अशाच प्रयोगात काही जणांना परिचारिकेचा गणवेश दिला, तेव्हा निनावी राहूनही त्यांनी झटके कमी केले. निनावीपणा माणसाला क्रूर करत नाही. त्या घडीला आपण कोण आहोत असे त्याला वाटते, त्या ओळखीचे नियम तो अधिक काटेकोरपणे पाळू लागतो.

याचा पुरावा प्रयोगशाळेबाहेरही मिळाला. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या सेंट पॉल्स वस्तीत एप्रिल १९८० मध्ये पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातल्यानंतर दंगल उसळली. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर यांनी तिचा अभ्यास केला तेव्हा आढळले, की जमावाने पोलीस, त्यांची वाहने आणि बँक यांना लक्ष्य केले, पण वस्तीतील घरांना हात लावला नाही, वस्तीच्या सीमेपलीकडे पोलिसांचा पाठलाग केला नाही आणि काही जण तर रस्त्यावरची वाहतूक सुरळीत करत होते. हिंसा झाली हे खरेच, परंतु तिला मर्यादा होत्या आणि त्या जमावानेच घातलेल्या होत्या.

नागपूरकरांना हे नवे वाटू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या रस्त्यांवर ‘इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देणाऱ्या गर्दीचा आवेश कमी नसतो, तरी तो मारबती आणि बडगे या पुतळ्यांवर निघतो आणि त्यांच्या दहनाबरोबर संपतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी लोटते आणि पुस्तके विकत घेऊन परतते. दोन्हीकडे गर्दी दाट, माणसे परस्परांना अनोळखी. वागण्यातील फरक मात्र प्रत्येक गर्दी स्वतःला काय समजते यातून येतो.

ही समज स्थिर नसते, आणि माझ्या मते या संशोधनातील सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. पोलिसांनी साऱ्या गर्दीला सरसकट शत्रू मानून बळ वापरले, की शांत उभी असलेली माणसेही भडकलेल्यांशी नाते जोडू लागतात. २००४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालच्या पोलिसांनी या अभ्यासाच्या आधारे प्रेक्षकांशी बोलत राहण्याचे धोरण ठेवले आणि सामन्यांच्या शहरांत इंग्लिश चाहत्यांकडून मोठी दंगल झाली नाही. जमावाचा कल जमावाबाहेरचे लोकही ठरवतात, हे बंदोबस्ताच्या आखणीत अजून क्वचितच धरले जाते.