डबल बासचं ‘ठरलेलं’ ट्यूनिंग किती जुनं?

नागपूरच्या देशपांडे सभागृहात मालकंस असला की तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर येते, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. डबल बास हे व्हायोलिनच्या कुळातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य. ते वाजवणाऱ्याने मात्र एखादी तार जागची हलवली की त्याला लगेच ‘प्रयोग’ म्हणतात. इतिहास चाळला तर गंमत वेगळीच दिसते. चार तारांचं ई-ए-डी-जी (खालच्या तारेपासून वर, पाश्चात्त्य स्वरनावांत) हे आजचं ट्यूनिंग सगळीकडे पक्कं व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. आज ज्यांना आपण पर्यायी म्हणतो, त्यातली काही ट्यूनिंग्ज त्याआधीच रुळलेली होती.

ई-ए-डी-जीमध्ये प्रत्येक तार खालच्या तारेच्या मध्यमाला लावलेली असते. व्हायोलिन आणि चेलोच्या तारांत षड्ज-पंचम भाव, इथे षड्ज-मध्यम. कारण अगदी व्यवहारी आहे. बासच्या तारेची वाजती लांबी १०५ सेंटीमीटरच्या आसपास असते, त्यामुळे गळ्याच्या, म्हणजे वाद्याच्या दांडीच्या, वरच्या टोकाला एका पूर्ण स्वराचं अंतर सुमारे ११ सेंटीमीटर भरतं. पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत हात ताणला तरी जेमतेम सा-रे मावतात. तारा पंचमाच्या अंतराने लावल्या तर साध्या सप्तकासाठीही हाताची सतत धावाधाव होते.

तरीही अठराव्या शतकातल्या व्हिएन्नाने हा हिशेब वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. तिथल्या बासला पाच तारा असत, गळ्यावर आतड्याचे पडदे बांधलेले असत आणि तारा खालून वर एफ, ए, डी, एफ शार्प, ए अशा लावत. डीला षड्ज धरलं तर वरच्या चार तारा होतात प, सा, ग, प. म्हणजे नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, वाजते! जोडस्वर आणि तारेला हलकं बोट लावून निघणारे बासरीसारखे स्वर या लावणीत सहज हाताशी येतात. संगीतकार हायडनने १७६१ च्या तीन सिंफनींमध्ये (वाद्यवृंदाच्या रचनांमध्ये) बासला एकल जागा दिल्या. पुढे डिटर्सडॉर्फ आणि वानहाल यांनी बाससाठी कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना) लिहिले, तर मोझार्टने १७९१ साली खर्जातला गायक आणि बास यांच्यासाठी एक आरिया, म्हणजे एकल गाणं, रचली. स्वतः बास वाजवणारा श्पेर्गर १८१२ साली गेला आणि पुढे ही परंपरा विरून गेली. आज हेच संगीत ई-ए-डी-जीवर वाजवताना भले भले घाम गाळतात. माझ्या मते यात वादकाच्या तयारीला बोल लावण्यात अर्थ नाही, ट्यूनिंगच दुसरं आहे.

पुढची काही दशकं तीन तारांची होती. लंडन गाजवणारा इटालियन बासवादक द्रागोनेत्ती ए-डी-जीवर वाजवायचा. फ्रान्समध्ये तीन तारा पंचमाच्या अंतराने लावत. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८४० च्या दशकात वाद्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात तीन तारांचे पंचमातले आणि चार तारांचे मध्यमातले असे दोन्ही बास नोंदवलेले आहेत. म्हणजे तोवरही एकमत नव्हतंच.

इटालियन बासवादक बोत्तेसिनीचा (१८२१–१८८९) बासही तीन तारांचा. एकल वादनासाठी तो तारा चढवून घ्यायचा. आजचं ‘सोलो ट्यूनिंग’ त्याच वाटेवरचं, सगळ्या तारा एक स्वर वर: एफ शार्प-बी-ई-ए. आवाज उजळतो आणि वाद्यवृंदातून वर उठून दिसतो. पण तीच तार एक स्वर चढवली की ताण सव्वापट होतो, म्हणून त्यासाठी बारीक तारांचा वेगळा संच लागतो. उलट ईची तार सीपर्यंत उतरवली तर ताण दोन-तृतीयांशाहूनही कमी उरतो, तार लोंबते आणि फळीवर खडखडते. जर्मन संगीतकार वॅग्नरने मात्र अर्धाच स्वर उतरवायला सांगितलं. १८६९ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या ‘दास राइनगोल्ड’ या ऑपेराच्या सुरुवातीचे १३६ बार (तालाची आवर्तनं) ई फ्लॅटवर, म्हणजे कोमल ईवर, उभे आहेत आणि तो खर्ज धरण्यासाठी निम्मे बासवाले ईची तार उतरवतात. त्याहून खालच्या स्वरांसाठी पुढे पाचवी तार आली, किंवा ईच्या तारेला माथ्याकडून लांबी वाढवून देणारी पट्टी.

जॅझमध्ये अमेरिकन बासवादक रेड मिचेलने १९६६ साली सगळंच मोडून सी-जी-डी-ए धरलं, म्हणजे चेलोचंच ट्यूनिंग एक सप्तक खाली. शास्त्रीय संगीतात कॅनडाचा जोएल क्वारिंग्टन हेच वापरतो. हाताची धावाधाव दोघांनाही चुकली नाही, पण खालचा सी मिळाला आणि तारांचे उपस्वर एकमेकांत चांगले मिसळू लागले. या ट्यूनिंगसाठी आता तयार संच मिळतात.

नागपुरात हे करून पाहायचं तर आधी उन्हाळ्याचा विचार करा. मे महिन्यात बाहेर कोरडीठाक हवा आणि खोलीत कूलरची ओल, अशा ओढाताणीत लाकूड आकसतं-फुगतं, घोडीवरच्या (तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्यावरच्या) तारांची उंची बदलते आणि सांधे उकलतात. आतड्याच्या तारा तर कूलरसमोर सूर धरतच नाहीत, त्या मानाने स्टीलच्या सोशिक. चारही तारा एकदम सैल करू नका. घोडी आडवी होते आणि वरच्या-खालच्या फळीत नुसता दाबाने उभा असलेला आतला दांडकाही पडतो. तो परत उभा करणं घरच्या घरी जमणारं काम नाही. एक तार बदलायची, सुराच्या जवळ आणायची, घोडी पुढे झुकली का ते पाहायचं आणि मगच दुसरीला हात लावायचा.