पाणी आहे, पण कशाचं?

‘फुप्फुसात पाणी झालंय’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ते पाणी फुप्फुसात नसतं. फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असतं, त्या दोन पदरांमधल्या फटीत ते साठतं. एरवी तिथे वंगणापुरता, चमचा-दोन चमचे द्रव असतो. कॅन्सरच्या पेशी आवरणावर रुजल्या की रक्तवाहिन्या पाझरू लागतात, निचरा करणाऱ्या लसिकावाहिन्या तुंबतात आणि लिटर-दीड लिटर पाणीही साठतं. मग जिना चढताना दम लागतो.

पाणी आहे हे ओळखायची विद्या जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतले ग्रीक वैद्य रोग्याचे खांदे धरून हलवत आणि आतला डुचमळण्याचा आवाज ऐकत. खरी उडी मारली ती व्हिएन्नाचे डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी. वडील ग्रात्सचे खाणावळवाले. पिंपं ठोकून आत दारू किती उरली ते बघायची घरातली रीत पोराने छातीवर वापरली, असं सांगतात. आपणही माठ घेताना ठोकून बघतोच की! हवेने भरलेली छाती घुमते, पाणी असेल तिथे आवाज मांडीवर टिचकी मारल्यासारखा बद्द येतो. मृतदेहांच्या छातीत पाणी भरून त्यांनी हे पडताळलं आणि १७६१ साली लॅटिनमध्ये छोटंसं पुस्तक काढलं. फारशी कोणी दखल घेतली नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ते गाजलं. दुसऱ्याच वर्षी आउएनब्रुगर वारले. पुढे स्टेथोस्कोप आला, १८९५ मध्ये क्ष-किरण आले. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत बरगडीखालचा टोकदार कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिली पाणी लागतं. सोनोग्राफी त्याहून कितीतरी कमी पाणी पकडते.

घोडं अडलं ते पुढच्या प्रश्नावर. हे पाणी कॅन्सरचंच कशावरून? कॅन्सरच्या रुग्णालाही हृदय कमजोर असल्याने, न्यूमोनियाने किंवा रक्तातली प्रथिनं घटल्यानेही पाणी होतं.

म्हणून सुई घालून पाणी काढायचं. रुग्ण टेबलावरच्या उशीवर ओणवा होतो आणि सुई बरगडीच्या वरच्या कडेला लगटून जाते, कारण खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जातात. १९७२ मध्ये डॉ. रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी १५० नमुने तपासून निकष दिले: पाण्यातलं प्रथिन रक्तातल्याच्या निम्म्याहून जास्त किंवा एलडीएच (पेशींमधलं एक विकर, म्हणजे एन्झाइम) रक्तातल्याच्या ०.६ पटीहून जास्त असेल, तर दोष बहुधा आवरणाकडे. हे गणित आजही चालतं. पण ते कॅन्सर आणि टीबी यांत फरक करत नाही, आणि आपल्याकडे अडचण नेमकी तीच आहे. छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा. एडीए या टीबीत वाढणाऱ्या विकराच्या तपासणीने मदत होते, तरी लिम्फोमात (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये) एडीएही वाढू शकतो. नुसत्या अंदाजावर टीबीची औषधं सुरू करून महिने घालवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या की प्रश्न मिटतो, पण एका नमुन्यात त्या साधारण ६० टक्के रुग्णांतच सापडतात. दुसऱ्या नमुन्याने थोडी भर पडते, तिसऱ्याने फारशी नाही. मग आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो. १९५८ मध्ये अब्रॅम्स यांनी त्यासाठी खास सुई केली, पण ती आंधळी. टीबी आवरणभर पसरलेला असतो, म्हणून सुई लागते. कॅन्सर ठिपक्या-ठिपक्यांनी असतो, म्हणून हुकते. दुर्बिणीने बघून तुकडा घ्यायची वाट स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० सालीच दाखवली होती. ती दुर्बीण पुढची अनेक वर्षं मुख्यतः टीबीच्या उपचारांत छातीतल्या चिकटलेल्या पट्ट्या सोडवायला वापरली गेली.

आता काढलेल्या पाण्यातला गाळ घट्ट करून त्याचा मेणात ठोकळा करतात, त्याला सेल ब्लॉक म्हणतात. त्याच्या पातळ कापांवर पेशी फुप्फुसाच्या की स्तनाच्या, ते रंगवून बघता येतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरसारख्या जनुकांतल्या बदलांची तपासणीही त्यावरच होते आणि त्या बदलावर बेतलेली गोळी चालेल का, ते ठरतं. त्यामुळे चार-पाच मिली लॅबला पाठवून उरलेली बाटली ओतून देण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.