विंचवाची नांगी आणि खेकड्याच्या नांग्या
‘नांगी’ हा शब्द मराठीत दोन अगदी वेगळ्या अवयवांसाठी वापरला जातो. खेकड्याच्या नांग्या म्हणजे त्याच्या दहा पायांपैकी सर्वांत पुढची जोडी. तिच्या टोकाशी चिमट्यासारखी उघडमीट होते आणि भक्ष्य धरणे, शिंपल्यांची कवचे फोडणे, प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवणे ही कामे ती करते. कोकणात यांनाच डेंगे म्हणतात. कालवणासाठी बारीक पाय वाटून त्यांचा रस गाळून घेतात, डेंगे मात्र जरासे ठेचून तसेच रश्श्यात सोडतात. त्यांत विष नसते. बोट सापडले तर रक्त निघेल, एवढेच.

विंचवाची नांगी मात्र मागे असते. शेपटीच्या टोकाला असलेल्या फुगीर भागात विषग्रंथी आणि त्यापुढे वाकडा काटा, अशी तिची रचना असते. ‘विंचू चावला’ असे आपण सर्रास म्हणतो, पण तो तोंडाने चावत नाही, नांगी मारतो. गोंधळ होतो तो विंचवाला पुढच्या बाजूस खेकड्यासारखेच चिमटे असल्यामुळे, आणि काही जण त्यांनाही नांग्या म्हणतात. माझ्या मते लेखनात त्यांना चिमटे म्हणावे आणि विंचवाची नांगी नेहमी एकवचनातच ठेवावी. हा भेद केवळ शब्दांपुरता नाही. मोठा काळा विंचू त्याच्या जाडजूड चिमट्यांमुळे भयंकर वाटतो. प्रत्यक्षात कोकणात आढळणारा, बारीक चिमट्यांचा तांबडा विंचू कितीतरी अधिक घातक असून त्याच्या विषाचा परिणाम थेट हृदयावर होतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचारांची दिशाच बदलली आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वाक्प्रचारांत ‘नांगी ठेचणे’ म्हणजे उपद्रवी माणसाचे बळच मोडून काढणे. येथे विंचवाचा काटा अभिप्रेत आहे, हे उघड आहे. ऐनवेळी कच खाणे या अर्थाचे ‘नांगी टाकणे’ही मला विंचवाचेच वाटते, कारण उभारलेली नांगी खाली आली की त्याचा धाकच उरत नाही. नांगी खरोखर टाकून देतो तो खेकडा: शत्रूच्या तावडीत सापडलेली नांगी तो ठरावीक सांध्यापाशी तोडून निसटतो आणि पुढे कात टाकताना ती हळूहळू पुन्हा उगवते.