व्याज आटलं तेव्हा : बडोद्यातल्या स्मृती-न्यासांची पार्श्वभूमी

बडोद्यात मराठी घरातलं कर्तं माणूस गेलं की वर्षश्राद्धाच्या आसपास एक बोलणं हमखास निघतं, "त्यांच्या नावानं काहीतरी करू या." हे काहीतरी म्हणजे पूर्वी देवळातली फरशी नाहीतर घाटाची पायरी असे. पुढे त्याचं शाळेतलं बक्षीस झालं. बक्षिसासाठी ठेव ठेवली जाते, ठेवीचा न्यास होतो, न्यासाला पावती पुस्तक आणि गोल शिक्का येतो. आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्या घरातलं कुणी बडोद्यात उरलेलं नसतं.

दांडिया बाजाराजवळच्या अशाच एका न्यासाचं मिनिट बुक मी सहा वर्षं लिहिते आहे. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ तो उभा राहिला त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. आडनाव वेगळं, नातं काही नाही. दर रविवारी सकाळी नऊला कुलूप मात्र मी उघडते. परक्या माणसांच्या हातात ही किल्ली कशी आली, त्याची ही हकिगत.

सुरुवात जेवणापासून करावी लागेल. परगावाहून शिकायला आलेला गरीब मुलगा सात घरं धरायचा. सोमवारी अमक्यांकडे, मंगळवारी तमक्यांकडे. याला वार लावणं म्हणत. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी माधुकरी, नाहीतर पाणी पिऊन झोप. ही मदत जातीच्या पंगतीतली होती, ते लपवण्यात अर्थ नाही. वाराचं पान बहुतेक वेळा ब्राह्मण मुलासाठीच मांडलं जायचं. पण वाढणाऱ्या बाईला तो मुलगा आठवड्यातून एकदा समोर दिसायचा. ताप येऊन गेला, फी थकली, गणितात आपटला, हे सगळं तिला आमटी वाढता वाढता कळायचं. त्याचा हिशोब कुठल्या वहीत नसे.

ठेवीचा रस्ता मुंबईने दाखवला. नाना शंकरशेट 1865 मध्ये वारले आणि त्यांच्या मुलाने वडिलांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतसाठी शिष्यवृत्ती ठेवली. 1912 मध्ये मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. बडोदा कॉलेज 1949 पर्यंत मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं होतं. त्यामुळे 'शंकरशेट मिळाली' या दोन शब्दांचं वजन इथल्या वाड्यांमध्येही ठाऊक होतं. वडिलांचं नाव दरवर्षी एका हुशार पोराच्या नावाला जोडून उच्चारलं जावं, ही कल्पना मराठी मनाला फार भावली. श्राद्धासारखीच ती वर्षातून एकदा येते, आणि भटजी लागत नाही.

बडोद्यात स्मारकांची हौस राजघराण्यालाही होती. रावपुऱ्याचा टॉवर आणि न्यायमंदिर, दोन्हींना सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांचं नाव आहे. घराण्याच्या स्मृतीसाठी पुढे कीर्तिमंदिर झालं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती एक रक्कम. वाङ्मयासाठी सयाजीरावांनी दोन लाख रुपये अनामत ठेवले आणि त्यांच्या व्याजातून 'सयाजी साहित्यमाला' आणि मुलांसाठी 'सयाजी बालज्ञानमाला' निघाल्या. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचं. माझा अंदाज असा की दरबारी नोकरीतल्या मराठी कारकुनांनी आणि मास्तरांनी आपापल्या न्यासपत्रांत हाच नियम उतरवून घेतला. आमच्या न्यासपत्रातही तो आहे, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

दुसरीकडे शाळा हे सरकारचं काम झालं होतं. 1893 मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो कायदा म्हणून सबंध संस्थानाला लागू केला गेला. मुलगे 7 ते 12, मुली 7 ते 10. 1910 मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवायला आणलं. खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. शाळा राजाची, वाचनालय राजाचं, तेव्हा खाजगी घराने करायचं काय? बक्षीस द्यायचं, वह्या वाटायच्या, वरच्या वर्गाची फी भरायची. न्यासांचं काम इतकं आखूड का राहिलं, याचं उत्तर मला इथे सापडतं. सरकारी गाडा चालू होता आणि हे त्याच्या चाकाला तेल घालत होते.

अपवाद होते. शिक्षक मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळ पुस्तकालयांची जी साखळी उभी केली ती माणसांच्या जिवावर. गुजरातेत ग्रंथालय चळवळीचं नाव काढलं की आजही ते पहिले आठवतात. त्यांना कुठल्या घराण्याची ठेव नव्हती.

पैसा कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो, याचा बडोद्याइतका बोचरा दाखला दुसऱ्या शहरात नसेल. 1913 मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. सप्टेंबर 1917 मध्ये ते त्या नोकरीसाठी इथे आले आणि त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. ज्या तिजोरीने त्यांना न्यूयॉर्कला पाठवलं तिच्यापासून मैल-दोन मैलांवर त्यांच्यासाठी दार उघडणारं एक घर निघालं नाही. आमच्याकडे नवीन कुणी शिकवायला आलं की मी त्यांना आधी ही गोष्ट सांगते, न्यासपत्र नंतर दाखवते.

स्वातंत्र्यानंतरचा भाग भराभर सांगते. 30 एप्रिल 1949 रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या, म्हणजे सयाजीरावांच्या, नावाने 'सर सयाजीराव डायमंड ज्युबिली अँड मेमोरियल ट्रस्ट' केला. घरच्यांनी उभारलेला शिक्षणाचा स्मृती-न्यास म्हटलं की बडोद्यात पहिलं नाव हेच निघतं. मग 1950 चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा आला आणि 1960 मध्ये गुजरात वेगळा झाल्यावरही तोच इथे चालू राहिला. चॅरिटी कमिशनरची कचेरी, नोंदवहीतला क्रमांक, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. घरगुती ठेवींना सरकारी दप्तरात जागा मिळाली.

आणि इथेच मेख होती. बहुतेक न्यासपत्रांत विश्वस्त म्हणजे थोरला मुलगा, धाकटा मुलगा, एक जावई आणि 'घराण्यातील एक सुशिक्षित व्यक्ती'. लिहिणाऱ्याला वाटलं, घराणं बडोद्यातच राहणार. मुलगे पुण्याला गेले, नातवंडं न्यू जर्सीला. चेकवर सह्या दोघांच्या लागतात. त्यातली एक सही देवाघरी, दुसरी डेट्रॉइटला. आमच्या न्यासाचं खातं एका बँकेत चौदा महिने गोठलं होतं, कारण ओळखपत्रांच्या नूतनीकरणासाठी त्यांना संस्थापक विश्वस्तांचा 'अलीकडचा फोटो' हवा होता. खजिनदारकाका भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून घेऊन काउंटरवर गेले. "हा सगळ्यात अलीकडचा," म्हणाले. काम झालं नाही, पण शाखाधिकाऱ्यांनी चहा दिला.

खरा घाव व्याजाने घातला. 1990 च्या दशकाच्या मध्यावर बँकेतल्या मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. दहा हजारांची ठेव असली तर वर्षाला 1,200 रुपये. त्यात तेव्हा तीन-चार मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय व्हायची आणि समारंभाचे पेढेही निघायचे. 2020-21 पर्यंत तोच दर साडेपाच टक्क्यांच्या खाली आला होता. म्हणजे 540 रुपये. इतक्यात नववीच्या एका मुलाची गाईडंसुद्धा येत नाहीत. मुद्दलाला हात लावायचा नाही, खाली दोन रेघा. मग बक्षीस आधी पुस्तकाचं झालं, पुढे पेनाचं, शेवटी नुसतं प्रमाणपत्र उरलं. बडोद्यातले किती न्यास असे नोंदवहीत जिवंत आणि प्रत्यक्षात झोपलेले आहेत, ते चॅरिटी कमिशनरच्या कपाटालाच माहीत.

हातात दमड्या नसताना जे न्यास चालत राहिले त्यांच्याकडे एक गोष्ट आली होती, रिकामा वेळ असलेली माणसं. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती काढली आणि देशभरातून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. बडोदा तर बँकवाल्यांचं गाव. बँक ऑफ बडोदाचा जन्मच 1908 चा आणि इथला. पन्नाशी नुकती ओलांडलेली, हिशोबात तरबेज, पेन्शन चालू, मुलं परगावी, अशी माणसं गल्लोगल्ली दिसू लागली. मागून कोयलीच्या रिफायनरीतले, खत कारखान्यातले निवृत्त झाले. त्यांच्या जोडीला आल्या निवृत्त शिक्षिका. गुणवंतांच्या सत्काराला टाळ्या वाजवणं त्यांना पुरलं नाही, आणि माझ्या मते आजच्या न्यासांचं रूप खऱ्या अर्थाने त्यांनीच बदललं. आमच्याकडच्या एक बाई पहिल्याच सभेत म्हणाल्या, "नव्वद टक्केवाल्याला तुमच्या पेनाची गरज नाही हो. ज्याला वाचता येत नाही त्याला माझ्याकडे द्या." ठराव झाला. सूचक त्याच, अनुमोदक त्यांच्या शेजारच्या.

कागदावर यांना स्वयंसेवक म्हणतात. बोलताना कुणी म्हणत नाही, 'रविवारवाले' म्हणतात. मुलांच्या तोंडी सगळ्या बाया 'टीचर' आणि सगळे पुरुष 'काका'.

रविवारचा वर्ग म्हणजे वाड्यातल्या खालच्या सोप्यावर दोन सतरंज्या, एक फळा, भिंतीशी लोखंडी ट्रंक. तिसरी ते आठवीची पोरं. घरी मराठी, शाळेत गुजराती, मोबाइलवर हिंदी. पुस्तकाला चोपडी म्हणतात आणि शाळेला निशाळ, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. मलाही वाटेनासं झालंय. चौथीतला एक मुलगा गुजराती सराईत वाचायचा. त्याला मी मराठीचं पहिलं पान दाखवलं. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "टीचर, ही अक्षरं दोरीवर वाळत कोणी घातली?" तेव्हापासून आम्ही दोरीवरून एकेक अक्षर उतरवून घेतो. ग, न, प, म जवळजवळ तसेच खाली येतात. पण अ, ज, झ, ख उतरले की ओळखू येत नाहीत, तिथे अडतं. ही यादी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही, त्या पोराने करून दिली.

मार्च 2020 मध्ये बंद झालेले प्राथमिकचे वर्ग गुजरातेत उघडायला नोव्हेंबर 2021 उजाडलं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं थेट तिसरीत जाऊन बसली होती. त्या दिवाळीनंतर रविवारी येणारी मुलं अठराची एकेचाळीस झाली आणि आम्हाला सोपा पुरेना. शेजारच्या वाड्यातल्या आजींनी आपली ओसरी दिली, अट एकच, चपला बाहेर.

त्याच काळात कागदही वाढले. 1 एप्रिल 2021 पासून आयकर खात्याची न्यासांसाठीची नोंदणी कायमची राहिली नाही. जुन्यांनाही नव्याने अर्ज करावा लागला आणि मिळाली ती मुदतीची. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वरची देणगी रोख चालत नाही. पूर्वी तेराव्याला कुणी पाकिटात पाच हजार घालून 'वह्यांना घ्या' म्हणायचं. आता त्यांना क्यूआर कोड दाखवावा लागतो. सुतकाच्या घरात मोबाइल पुढे करताना खजिनदारकाकांना अजून अवघड वाटतं, म्हणून ते काम ते माझ्यावर ढकलतात.

संस्थापकांच्या धाकट्या सूनबाई सत्त्याऐंशीच्या आहेत, मुलीकडे नाशिकला असतात. गेल्या चैत्रात त्यांनी राजीनामा पाठवला, शाईच्या पेनाने लिहिलेला. त्यांच्या बरोबर घराण्यातलं शेवटचं नाव गेलं. 'घराण्यातील एक सुशिक्षित व्यक्ती' हे कलम कसं लावायचं, यावर दोन सभा झाल्या. वकिलांनी मार्ग काढला, सूनबाईंनीच फोनवर नाव सुचवलं, आणि नव्वद दिवस भरायला अकरा दिवस असताना बदल अर्ज दाखल झाला. नवा विश्वस्त मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रिशियन आहे. आमच्याकडे तो पाचवीत आला होता, तेव्हा त्याला जोडाक्षरं येत नव्हती. अर्जावर सही करताना त्याने आधी विचारलं, "टीचर, मराठीत करू की गुजरातीत?"