गेटवेजवळच्या डबीची बॅटरी आधी का संपते?

आमच्याकडून वाफसा मोजणारी बिनतारी सेन्सर यंत्रणा बसवून घेतलेल्या दौंड-इंदापूर भागातील ग्राहकांची पुण्याच्या कार्यालयात येणारी नेहमीची तक्रार अशी, की पंपघरातील गेटवेजवळच्या (सर्व नोंदी गोळा करणाऱ्या यंत्राजवळच्या) डबीची बॅटरी सर्वांत आधी संपते. डबी म्हणजे शेतात बसवलेला सेन्सर आणि त्याचा रेडिओ. ती डबी सदोष नसते; तिच्यावर कामाचा भार अधिक असतो.

बांधाला धरून चार डब्या एका रांगेत आहेत आणि प्रत्येक डबी दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पाठवते, असे समजा. टोकाची डबी दिवसाला स्वतःच्या ९६ नोंदी पाठवून मोकळी होते. गेटवेजवळची डबी मात्र मागच्या तिघींच्या २८८ नोंदी ऐकते आणि स्वतःच्या धरून ३८४ पुढे धाडते. हे ऐकणेही फुकट होत नाही. अशा रेडिओला ऐकताना जवळपास बोलण्याइतकाच, २० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि तो अखंड जागा ठेवला तर २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल पाच-सहा दिवसांत रिकामे होतील. म्हणून डब्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात व ठरल्या क्षणी एकत्र जाग्या होतात.

रुंद शेतात उरलेला भार पाळीने वाटता येतो. अमेरिकेतील एमआयटीच्या हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली मांडलेल्या ‘लीच’ पद्धतीत डब्यांचे गट पाडून गटप्रमुख बदलत ठेवतात आणि गटाच्या नोंदी एकत्र करून पाठवण्याचे काम त्याच्याकडे देतात. खडकवासला कालव्याच्या आवर्तनात पाळी धरणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. आमची यंत्रणा पाळी ठरवताना बॅटरीतील शिल्लकही पाहते, आणि ती व्होल्टेजवरून काढते. त्यामुळे १.५ व्होल्टच्या साध्या सेलऐवजी १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल घातल्यास भरलेली डबीही यंत्रणेला रिकामी भासते आणि तिचे काम शेजारणींवर पडते. एका ग्राहकाच्या उसात हा प्रकार शोधण्यात आमचे दोन दिवस गेले.

लांबट, चिंचोळ्या शेतात पाळीने फारसे साधत नाही, कारण गेटवेपर्यंतची वाट त्याच एका डबीवरून जाते. तेथे वीज नेण्याचा खर्च सोसूनही गेटवे रांगेच्या मध्यावर आणावा, असे आमचे मत आहे. वरील उदाहरणात मग कोणत्याही डबीला १९२ पेक्षा अधिक नोंदी पाठवाव्या लागत नाहीत.

सेल बदलताना डबीतील सर्व सेल एकदम आणि एकाच प्रकारचे बदलावेत. वाढलेल्या उसाच्या पाल्यातील पाणी संदेश शोषून घेते, म्हणून अँटेना पिकाच्या वर ठेवावी. डबीची जागा बदलायची असल्यास मात्र आधी आम्हांला कळवावे.