बगॅसच्या विजेचा भाव

उसाच्या चिपाडावर जाळ करणं महाराष्ट्राला नवीन नाही. गुऱ्हाळावर रस निघाला की चिपाडं उन्हात पसरायची आणि वाळली की तीच चुलवणात सारायची, काहिलीतला रस आटेपर्यंत. सरपण विकत आणावं लागलं, तर गुळात काय उरणार?

१९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, पाठोपाठ राज्यभर कारखाने उभे राहिले, आणि हेच सूत्र बॉयलरला लागू झालं. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस, म्हणजे कारखान्यातलं चिपाड, निघतो. त्यात निम्मं पाणीच. कारखान्याला स्वतःपुरती वाफ आणि वीज मिळाली की भागायचं. जादा वीज विकायला गिऱ्हाईक नव्हतं, आणि उरलेला बगॅस म्हणजे जागा अडवणारा, कधी आतल्या आत तापून पेट घेणारा ढीग. त्यामुळे चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचे जुने बॉयलर अधाशासारखा बगॅस खात, याची फारशी कुणाला खंत नव्हती. उलट उधळपट्टी सोयीचीच होती!

चित्र पालटलं ते नव्वदच्या दशकात केंद्राने सहवीजनिर्मितीला, म्हणजे एकाच वाफेवर साखर आणि वीज दोन्ही काढण्याला, पाठबळ दिल्यावर. २००२ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेचा दर ठरवून दिला. २००३ च्या वीज कायद्यानंतर अपारंपरिक विजेचा ठरावीक वाटा घेणं वितरण कंपन्यांवर बंधनकारक झालं. खात्रीचं गिऱ्हाईक मिळताच ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. तेवढ्याच बगॅसमधून कितीतरी जास्त वीज निघू लागली.

मग सौरऊर्जा स्वस्त झाली. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे युनिटला २ रुपये ४४ पैशांची बोली लागली आणि बगॅसची वीज एकदम महाग दिसायला लागली. ही तुलना मला अर्धवट वाटते. सौर पॅनेल दुपारी वीज देतं. कारखाना रात्रीही चालतो, शिवाय बगॅस साठवता येतो. मात्र दुसरी बाजूही आहे. दिवाळीच्या आसपास अग्निप्रदीपन होतं, म्हणजे बॉयलर पेटतो, आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की वीजही आटते. ऐन उन्हाळ्यात चालवायचं तर आधीच बगॅस राखून ठेवावा लागतो. जळताना सुटणारा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, हे खरं. पण त्या उसाला पाजलेलं पाणी आणि ते उपसायला लागलेली वीज या हिशेबात सहसा येत नाही.

२०२४ मध्ये राज्य सरकारने बगॅसच्या विजेला युनिटमागे दीड रुपया अनुदान द्यायचं ठरवलं, तेही वर्षभरापुरतं.