मॉर्गन आणि पँथर कॅलिस्टा: चेहरा एक, घडण वेगळी

लांबलचक बॉनेट, फुगीर मडगार्ड, दाराखाली फूटबोर्ड आणि दुमडून ठेवता येणारं कापडी छत. पँथर कॅलिस्टाचा फोटो दिसला की बहुतेक जण तिला मॉर्गन म्हणून मोकळे होतात. दोन्ही गाड्या ब्रिटिश आणि हाताने बांधलेल्या, दोन्हींचा तोंडवळा 1930च्या दशकातला. पण मॉर्गन तेव्हा त्या काळापासून जवळजवळ तशीच बनत आली होती, आणि कॅलिस्टा त्या काळासारखी दिसेल अशी घडवून 1982 मध्ये बाजारात आणली गेली. बाकीचे फरक इथूनच निघतात.

मॉर्गन इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नची. तिची चासी, म्हणजे गाडीचा तळाचा आधार, लाकडी असते हा समज फार पसरला आहे, आणि तो चुकीचा आहे. ऐंशीच्या दशकातल्या मॉर्गनची चासी पोलादी. तिच्यावर सुतार अ‍ॅशच्या लाकडाचा सांगाडा जुळवायचे आणि त्या सांगाड्यावर पत्रा ठोकून बसवला जायचा. पत्र्याचा प्रत्येक भाग त्या त्या गाडीवर हाताने जुळवलेला, म्हणून एका मॉर्गनचा भाग दुसरीला चपखल बसेलच असं नाही. पुढचं चाक उभ्या दांड्यावर वर-खाली सरकायचं. ही रचना कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या तीनचाकी गाड्यांपासून चालत आलेली. मागे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंग. खड्ड्यातून गेलं की पाठीला कळतं! त्यात प्लस 8 या मॉर्गनच्या मॉडेलला रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही8 इंजिन, म्हणजे जुन्या अंगात भलती ताकद. कारखान्यातून आठवड्याला मोजक्याच गाड्या बाहेर पडत, त्यामुळे गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं थांबावं लागे.

पँथर ही रॉबर्ट जँकेल यांनी 1972 मध्ये सरे परगण्यात काढलेली कंपनी. ती डबघाईला आल्यावर दक्षिण कोरियाचे उद्योजक यंग चुल किम यांनी 1980 मध्ये विकत घेतली. म्हणून कॅलिस्टाच्या अंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कोरियात घडायचा आणि गाडी इंग्लंडमध्ये जुळायची. आत लाकडाचा सांगाडा नाही. इंजिनं फोर्डची: 1.6 लिटरचं चार सिलिंडरचं किंवा 2.8 लिटरचं व्ही6. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, त्यामुळे बसायला ती मॉर्गनपेक्षा मऊ.

फोटोवरून ओळखायचं तर आधी समोरची जाळी बघा. मॉर्गनची जाळी 1950च्या दशकापासून गोलसर आणि मागे कललेली आहे. कॅलिस्टाची जाळी उभी, चौकोनी.

कॅलिस्टाला ‘नकली मॉर्गन’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पँथरची सुरुवात मॉर्गनवरून झालेली नव्हती. कंपनीची पहिली गाडी जे72 ही जग्वारच्या 1930च्या दशकातल्या एसएस100 या गाडीवरून बेतलेली होती आणि कॅलिस्टा त्याच वळणावरची आहे. शिवाय संख्येने ती मॉर्गनपेक्षा कितीतरी दुर्मीळ. पुढे 1987 मध्ये पँथर दक्षिण कोरियाच्या सँगयाँग समूहाकडे गेली. 2011 मध्ये मुंबईच्या महिंद्रने जी सँगयाँग मोटर ताब्यात घेतली, तिनेच 1990च्या दशकात थोड्याशा कॅलिस्टा कोरियात बांधल्या होत्या.

जुनी गाडी तपासतानाही नजर वेगवेगळ्या जागी जायला हवी. मॉर्गनमध्ये दार हलवून बघा. बिजागऱ्यांपाशी ते लोंबत असेल तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. कॅलिस्टात फोर्डचं इंजिन सहज दुरुस्त होतं, पण मडगार्ड चेपला असेल तर तसा दुसरा शोधायला खूप वणवण करावी लागते.